हिमेजीचा किल्ला, ताकेदाचे तट आणि किनोसाकीची सात स्नानगृहं: तीन दिवसांचा बेत कसा आखावा

जपानला निघालेल्या आपल्याकडच्या कुटुंबांचा बेत बहुतेक वेळा ठरलेला असतो: टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका, जमलंच तर हिरोशिमा. त्यात ‘ओन्सेन’, म्हणजे गरम पाण्याचे झरे, कुठल्या तरी दुपारी दोन तासांत उरकले जातात. बसमधून उतरायचं, पाय बुडवायचे, फोटो काढायचे आणि पुढची बस पकडायची. असं करू नका. ओन्सेनचं गाव जागं होतं ते दिवसभराचे पर्यटक परत गेल्यावर, संध्याकाळी आणि पहाटे. तिथे रात्री राहिल्याशिवाय त्याची गंमत कळत नाही. तेव्हा यादीतली दोन शहरं खुशाल गाळा, पण एक रात्र झऱ्यांच्या गावात काढा.

या लेखात मी एकच मार्ग सविस्तर सांगणार आहे. ओसाकाच्या पश्चिमेला ह्योगो नावाचा प्रांत आहे. त्याच्या दक्षिण टोकाला हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला, मधल्या डोंगरात ताकेदाच्या गडाचे उघडे दगडी तट, आणि उत्तरेला जपानच्या समुद्राजवळ किनोसाकी हे तेराशे वर्षांची परंपरा सांगणारं ओन्सेनचं गाव. तिन्ही ठिकाणं रेल्वेनं जोडलेली आहेत. दिवसा गड चढायचा आणि संध्याकाळी दुखरे पाय गरम पाण्यात सोडायचे, असा हा क्रम शरीरालाही मानवतो.

कधी जावं

माझी पहिली पसंती नोव्हेंबरचे पहिले तीन आठवडे. पानं लाल-पिवळी झालेली असतात, ताकेदाच्या खोऱ्यात पहाटे धुकं दाटतं आणि गारव्यात गरम पाणी खरोखर सुखाचं वाटतं. अडचण एकच. ६ नोव्हेंबरपासून जपानच्या समुद्रात खेकड्यांचा हंगाम सुरू होतो, तो मार्चपर्यंत चालतो आणि किनोसाकीतल्या खोल्यांचे दर बरेच वाढतात. खेकडे खाणाऱ्यांना ती पर्वणीच. शाकाहारी माणसानं मात्र खेकड्याच्या जेवणासकट खोली घेऊन पैसे वाया घालवू नयेत.

मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा हा साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा काळ. हिमेजीच्या किल्ल्याभोवती आणि किनोसाकीच्या कियामाची गल्लीत फुलांचे ताटवे असतात, पण गर्दीही तितकीच. जानेवारी-फेब्रुवारीत किनोसाकीवर बर्फ पडतो, उघड्या कुंडात बसून डोक्यावर हिमकण झेलता येतात. मात्र तेव्हा ताकेदाचा गड बंद असतो. जुलै-ऑगस्टची दमट हवा मुंबईकरांना ओळखीची वाटेल, पण त्या उकाड्यात गरम पाण्याचं कौतुक राहत नाही. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातली सुट्टी, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन सण आणि नववर्ष हे तीन काळ टाळलेलेच बरे.

पास, गाड्या आणि सामान

या मार्गासाठी संपूर्ण जपानचा महागडा रेल्वे पास लागत नाही. जेआर वेस्ट कंपनीचा ‘कान्साई वाइड एरिया पास’ घ्या. तो सलग पाच दिवस चालतो आणि त्यात कान्साई विमानतळावरून येणारी हारुका गाडी, शिन-ओसाका ते ओकायामा शिंकान्सेन (बुलेट ट्रेन), हिमेजी आणि किनोसाकी हे सगळं बसतं. ओसाका किंवा क्योटोहून किनोसाकीच्या एक्सप्रेसचं एकेरी तिकीटच पाच हजार येनच्या वर जातं, त्यावरून हिशेब करून पाहा. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. क्योटो ते शिन-ओसाका हा शिंकान्सेनचा टप्पा या पासात येत नाही, कारण तो दुसऱ्या कंपनीचा आहे. क्योटोहून ओसाकाला साध्या जलद गाडीनं या, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे.

ओसाकाहून हिमेजीला ‘शिनकाइसोकु’ ही जलद लोकल तासाभरात पोचवते; शिन-ओसाकाहून शिंकान्सेननं अर्धा तास. हिमेजीहून उत्तरेला बानतान नावाचा मार्ग डोंगरातून जातो. तेरामाए स्टेशनपर्यंत विजेची गाडी, तिथे उतरून समोरच्या फलाटावर एक-दोन डब्यांची डिझेल गाडी. पुढच्या टप्प्यावर गाड्या विरळ आहेत, म्हणून आदल्या रात्री वेळा पाहून ठेवा. ‘हामाकाझे’ ही ओसाकाहून हिमेजीमार्गे किनोसाकीला जाणारी एक्सप्रेस दिवसातून मोजक्या वेळा असते. ताकेदा गाळायचं असेल, तर तीच सोयीची. परतीसाठी किनोसाकीहून क्योटोला थेट एक्सप्रेस आहे, अडीच तासांच्या आसपास.

मोठ्या बॅगा या प्रवासात नेऊ नका. गडाच्या पायथ्याची स्टेशनं लहान, जिने अरुंद आणि डिझेल गाडीत ठेवायला जागा नाही. जपानमध्ये ‘ताक्क्युबिन’ ही सामान पोचवण्याची सेवा आहे. ओसाकातल्या हॉटेलच्या स्वागतकक्षात सांगितलं, की ते चिठ्ठी भरून तुमची बॅग क्योटोच्या पुढच्या हॉटेलात पाठवतात. साधारण दुसऱ्या दिवशी पोचते. तुम्ही पाठीवर एक पिशवी घेऊन मोकळे. त्या पिशवीत दोन जोड कपडे, औषधं, आणि रोख येन असू द्या. लहान गावांत कार्ड सगळीकडे चालत नाही.

पहिला दिवस: हिमेजी

किल्ला सकाळी नऊला उघडतो, आणि तुम्ही त्याआधी दारात असायला हवं. दहा-साडेदहानंतर मुख्य बुरुजाच्या आतल्या जिन्यांवर रांग लागते आणि मग पाहणं कमी, सरकणं जास्त. मार्च २०२६पासून शहराबाहेरच्या प्रौढांना २,५०० येन तिकीट आहे. अठराच्या आतल्या मुलांना माफ. २९ आणि ३० डिसेंबरला किल्ला बंद असतो.

स्टेशनच्या उत्तर दारातून बाहेर आलात, की सरळ रुंद रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसतो. चालत पंधरा-वीस मिनिटं. बस असते, पण चालाच. किल्ला हळूहळू मोठा होत जातो आणि त्याच्या पांढऱ्या रंगाचं रहस्य कळत जातं. तो रंग नाही, चुन्याचा गिलावा आहे. भिंतींवरच नाही, तर छपराच्या कौलांच्या सांध्यांवरही तो दिलेला आहे. लाकडी इमारतीला आगीपासून वाचवण्याचा तो उपाय होता. २००९ ते २०१५ या काळात मुख्य बुरुजाची मोठी डागडुजी झाली, तेव्हा हे काम नव्यानं झालं.

इकेदा तेरुमासा या सरदारानं १६०१ ते १६०९मध्ये आजचा किल्ला उभारला. जपानमधल्या बहुतेक किल्ल्यांचे बुरूज आगीत, भूकंपात, एकोणिसाव्या शतकातल्या मेइजी काळातल्या पाडापाडीत किंवा दुसऱ्या महायुद्धात गेले. ओसाकाचा बुरूज तर काँक्रीटचा आहे. मूळ लाकडी बुरूज आज फक्त बारा किल्ल्यांचे उरले आहेत आणि त्यांत हिमेजी सर्वांत भव्य. जुलै १९४५च्या बॉम्बहल्ल्यात भोवतालचं शहर जळून गेलं, किल्ला राहिला. १९९३मध्ये होर्यूजीच्या मंदिरांबरोबर तो युनेस्कोच्या वारसा यादीत गेला.

गडकिल्ले पाहण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला इथे वाट पाहण्यात खरी मजा आहे. हिशी दरवाजातून आत शिरल्यावर बुरूज अगदी समोर दिसतो, पण वाट तिकडे जातच नाही. ती वळते, उतरते, उलट दिशेला तोंड करते, मग एका माणसाला वाकून जावं लागेल अशा दरवाजात अडकवते. रायगडाच्या महादरवाजाशी वाट जशी दोन बुरुजांच्या कवेत सापडते, त्याच विचाराचा हा विस्तार. चालताना भिंतीतल्या भोकांकडे लक्ष द्या: उभा आयत बाणांसाठी, आणि गोल, त्रिकोणी, चौकोनी भोकं बंदुकांसाठी. कोपऱ्यावर बाहेर आलेल्या कोनाड्यांच्या तळाशी फट असते, तिच्यातून खाली चढणाऱ्यावर दगड टाकायचे.

बुरुजात शिरताना बूट काढून पिशवीत घालून हातात घ्यावे लागतात. म्हणून मोजे चांगले, न घसरणारे घाला. आतले जिने जवळजवळ शिडीइतके उभे आहेत आणि लाकूड पायांनी गुळगुळीत झालेलं आहे. गुडघ्याचं दुखणं असेल, तर आत न जाता पश्चिमेकडच्या निशिनोमारू भागात जा. तिथली लांब ओसरी सपाट आहे आणि तोकुगावा इएयासू या शोगुनची नात सेनहिमे हिची आठवण तिथे जपलेली आहे. बुरुजात गेलात, तर तळापासून वरपर्यंत गेलेले दोन महाकाय खांब जरूर पाहा. सगळ्या इमारतीचा भार त्या दोघांवर आहे. पूर्वेचा खांब जुना आहे, पश्चिमेचा १९५६ ते १९६४च्या दुरुस्तीत बदलला. हात लावून उभं राहिलं, की लाकडाच्या या वास्तूचं वजन जाणवतं.

किल्ला दोन-अडीच तासांत होतो. दुपारी दोन पर्याय आहेत. शेजारचं कोकोएन हे उद्यान शांत आहे, तासाभराचं काम. पण पायांत बळ असेल, तर शोशा डोंगरावरचं एन्ग्योजी बघा. स्टेशनहून बसनं अर्धा तास, मग रोपवे, मग झाडीतली चढण. ९६६मध्ये स्थापन झालेला हा तेंदाई या बौद्ध पंथाचा मठ आहे. तीन प्रचंड लाकडी वास्तू एकाच अंगणाला कवेत घेऊन उभ्या आहेत आणि तिथे बसून राहावंसं वाटतं. मी दोहोंपैकी निवड करायची झाली, तर डोळे मिटून एन्ग्योजी म्हणेन. रात्री हिमेजीतच राहा, स्टेशनजवळ स्वस्त हॉटेलं मिळतात.

दुसरा दिवस, सकाळ: ताकेदा

हिमेजीहून ताकेदा, तेरामाएला गाडी बदलून, दीड ते दोन तास. मध्ये इकुनो लागतं. तिथली चांदीची खाण १५४२पासून चालली, मेइजी सरकारनं फ्रेंच अभियंता आणून तिचं आधुनिकीकरण केलं आणि १९७३मध्ये ती बंद झाली. आता भुयारातून फिरता येतं, आत वर्षभर तेरा अंशांच्या आसपास थंडावा असतो. एका सकाळी खाण आणि गड दोन्ही होत नाहीत, आणि निवड करायची तर गड.

ताकेदाचा गड ३५० मीटरहून थोड्या उंच डोंगरमाथ्यावर आहे. त्याचा शेवटचा किल्लेदार आकामात्सु हिरोहिदे १६००मध्ये, सेकिगाहाराच्या लढाईनंतर, पोट चिरून मेला आणि गड ओस पडला. वाडे, दरवाजे, छपरं सगळं गेलं. चुना न वापरता रचलेले दगडी तट तेवढे चारशे वर्षं उभे आहेत. हिमेजीत आदल्या दिवशी पांढऱ्या गिलाव्याखाली जे झाकलेलं होतं, ते इथे उघडं दिसतं: ओबडधोबड दगड, त्यांच्या फटींत ठोकलेले लहान दगड, कोपऱ्यांवर आलटून पालटून बसवलेले लांब चिरे. म्हणूनच मी हे दोन गड लागोपाठ पाहायला सांगतो.

स्टेशनच्या मागूनच पायवाट चढते. चाळीस मिनिटांची खडी चढण, पायऱ्या उंच आहेत. ज्यांना ती नको, त्यांच्यासाठी हंगामात स्टेशनवरून बस असते. ती वरच्या थांब्यावर सोडते, तिथून वीस मिनिटं चाल. ४ जानेवारीपासून फेब्रुवारीअखेर गड बंद असतो, हे पुन्हा सांगतो.

‘ढगातला गड’ असा जो प्रसिद्ध फोटो आहे, तो गडावरून नाही, समोरच्या डोंगरावरच्या रित्सुउनक्यो नावाच्या जागेवरून काढलेला असतो. सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आकाश निरभ्र आणि रात्र थंड असेल, तर मारुयामा नदीच्या कोमट पाण्याची वाफ खोऱ्यात अडकते आणि पहाटे ते आठपर्यंत धुक्याचा समुद्र होतो. हिमेजीच्या पहिल्या गाडीनं तिथे वेळेवर पोचता येत नाही. तो देखावा हवाच असेल, तर आदली रात्र ताकेदा किंवा शेजारच्या वादायामात काढा आणि पहाटेची टॅक्सी आधी ठरवून ठेवा. धुकं दिसेलच, याची हमी कुणी देत नाही. गड मात्र धुक्याविनाही पाहण्यासारखा आहे, अगदी मनापासून सांगतो.

ताकेदाहून किनोसाकी वादायामामार्गे, गाडी लागलीच मिळाली तर तासाभराचा प्रवास. दुपारी तीनच्या सुमारास पोचा. खोल्या तेव्हाच मिळतात.

किनोसाकी: खोली घेताना काय पाहावं

गावाच्या मधून ओतानी नावाची लहान नदी वाहते, काठावर विलोची झाडं, वर कमानीचे दगडी पूल आणि दोन्ही बाजूंना दोन-तीन मजली लाकडी घरं. हे सगळं फार प्राचीन वाटतं, पण २३ मे १९२५च्या भूकंपानंतरच्या आगीत गाव जवळजवळ पूर्ण जळालं होतं. लोकांनी ते पुन्हा लाकडातच बांधलं आणि सार्वजनिक स्नानगृहंही पुन्हा उभी केली.

या गावाचं तत्त्व असं, की सगळं गाव म्हणजे एकच सराई. स्टेशन हे तिचं दार, रस्ते म्हणजे बोळ, सराया म्हणजे खोल्या आणि सात सार्वजनिक स्नानगृहं म्हणजे तिची न्हाणीघरं. १९२७मध्ये एका सराईनं आपल्या पाहुण्यांसाठी खासगी कुंड सुरू केलं, तेव्हा गावानं कोर्टात धाव घेतली. पाणी सगळ्यांचं, ते कुणा एकाचं कसं, हा वाद. १९५०मध्ये तडजोड झाली: सरायांमध्ये कुंड चालेल, पण लहान. त्यामुळे आजही लोक संध्याकाळी युकाता, म्हणजे सुती झगा घालून, लाकडी खडावा वाजवत रस्त्यावर येतात. बाकीच्या बऱ्याच ओन्सेन गावांत पाहुणे हॉटेलच्या बाहेरच पडत नाहीत. मी किनोसाकी निवडतो ते यासाठी.

सराईत राहणाऱ्याला सातही स्नानगृहांचा पास मोफत मिळतो आणि तो खोली सोडण्याच्या दिवसापर्यंत चालतो. युकाता, टॉवेल, टोपली सराईच देते. खोली घेताना तीन गोष्टी विचारा. जेवण हवं की नुसती खोली: नुसत्या खोलीला ‘सुदोमारी’ म्हणतात आणि शाकाहाऱ्यांना तीच परवडते. ‘काशिकिरी’, म्हणजे कुटुंबापुरतं वेळ ठरवून मिळणारं बंद कुंड, आहे का. आणि झोपायला फुतोन, म्हणजे जमिनीवर अंथरायची गादी आहे की खाट, कारण जमिनीवरून उठणं ज्येष्ठांना जड जातं. बिलात माणशी थोडा स्नानकर लागेल, तो नेहमीचाच आहे.

स्नानगृहात पाऊल टाकल्यापासून

आपल्याकडे अडखळायला होतं ते एकाच गोष्टीला: कपडे. पोहण्याचा पोशाख चालत नाही, पूर्ण विवस्त्र व्हावं लागतं. पुरुष आणि स्त्रिया यांची दालनं वेगळी असतात. सासूबाई आणि सून, किंवा आई आणि वयात आलेली मुलगी एकत्र जाताना संकोच होणारच. तिथे वेगवेगळ्या वेळी गेलं तरी काही बिघडत नाही, आणि काशिकिरी कुंड तर आहेच. एवढं मात्र सांगतो, की आत कुणी कुणाकडे पाहत नाही. पाच मिनिटांत तुम्हीही विसरता.

क्रम असा. दारात बूट काढून खणात ठेवा. पास दाखवा. मग पडदा पाहा: बहुधा निळा पुरुषांचा, तांबडा स्त्रियांचा. खात्री करायची, तर पुरुषांच्या अक्षरात वरच्या अंगाला चार खान्यांची खिडकी असते, स्त्रियांच्या अक्षरात ती नसते. काही ठिकाणी दालनं दिवसाआड बदलतात, तेव्हा कालच्या सवयीनं आत शिरू नका.

आतल्या खोलीत सगळे कपडे टोपलीत किंवा खणात ठेवायचे. मोबाइल तिथेच राहिला पाहिजे, तो बाहेर काढणंसुद्धा गैर समजतात. हातात फक्त छोटा टॉवेल. कुंडाच्या दालनात भिंतीलगत नळ, आरसा, लहानसं स्टूल आणि बादली असते. स्टुलावर बसायचं, उभं राहून अंगावर पाणी घ्यायचं नाही, शेजाऱ्यावर उडतं. साबण-शांपू तिथे असतो. डोक्यापासून पायापर्यंत नीट धुवायचं, फेसाचा अंशही राहता कामा नये, मग स्टूल आणि बादली विसळून जागेवर ठेवायची. कुंड हे अंग धुण्यासाठी नाही, धुतलेलं अंग मुरवण्यासाठी आहे. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत उतरण्याची सवय असलेल्यांनी हा फरक आधीच मनात पक्का करावा.

पाणी साधारण ४२ अंशांच्या आसपास असतं. आधी बादलीनं पाय, मग गुडघे, मग खांद्यावर पाणी घ्या, मग सावकाश उतरा. लांब केस वर बांधा. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर ठेवा किंवा काठावर. पहिल्या खेपेला पाच मिनिटं पुरेत. बाहेर काठावर बसा, श्वास शांत झाला की पुन्हा पाच-सात मिनिटं. चक्कर आली तर एकदम उठू नका. निघताना टॉवेल पिळून अंग पुसूनच कपड्यांच्या खोलीत या, ओल्या पायांनी गेलात तर सगळ्यांची जमीन ओली होते. मग भरपूर पाणी प्या.

रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, किंवा गर्भारपण असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. दारू पिऊन किंवा भरपेट जेवून लगेच उतरू नका. पाळीच्या दिवसांत सार्वजनिक कुंड टाळतात. किनोसाकीचं पाणी खारट क्षारांचं आहे, गंधकाचं नाही, तरी जोडवी-पैंजणांसारखी चांदी काढून ठेवलेली बरी. गंधकाच्या इतर झऱ्यांत ती काळी पडते. मंगळसूत्र काढायलाच हवं असा नियम नाही.

गोंदणाबद्दल एक महत्त्वाचं. जपानमध्ये गोंदवलेलं अंग याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांशी जोडलं गेलं, म्हणून अनेक ओन्सेन गोंदण असलेल्यांना आत घेत नाहीत. आपल्याकडच्या आज्यांच्या कपाळावर, हातांवर गोंदण असतंच, आणि नव्या पिढीच्या दंडावरही. किनोसाकीच्या सातही स्नानगृहांत गोंदण चालतं. आजीला घेऊन जायचं असेल, तर हे गाव निवडण्याचं हे एक ठोस कारण आहे. सराईतल्या कुंडाचा नियम मात्र तिथे विचारून घ्या.

युकाता घालताना डावा पदर उजव्यावर आला पाहिजे. उलटं फक्त मृताला नेसवतात, आणि रस्त्यावरची एखादी जपानी आजी स्वतः थांबवून तुमचं नीट करून देईल.

सातांपैकी कोणती, आणि कोणत्या क्रमानं

एका संध्याकाळी सातही करू नका. तीन पुरेत, दोन आणखी चांगली. काही सकाळी सातला उघडतात, काही दुपारी तीनला. रात्री अकराच्या सुमारास बंद. प्रत्येकाला आठवड्यातून एक सुट्टी असते, ती वेगवेगळ्या दिवशी. स्टेशनवरच्या माहिती केंद्रात त्या दिवशीचा तक्ता मिळतो.

मी संध्याकाळी गोशोनोयुपासून सुरुवात करतो. क्योटोच्या राजवाड्याच्या धर्तीवरची वास्तू, आणि उघड्या कुंडातून डोंगरावरून पडणारं पाणी समोर दिसतं. मग इचिनोयु, ज्याच्या मागच्या बाजूला खडक कोरून केलेलं गुहेसारखं कुंड आहे. कागावा शुतोकू या एदो काळातल्या वैद्यानं इथल्या पाण्याला ‘आकाशाखाली पहिलं’ म्हटलं, म्हणून हे नाव. रात्री दमून झोपायचं, आणि सकाळी सातच्या आधी गावाच्या टोकाच्या कोनोयुच्या दारात जाऊन उभं राहायचं. दिवसातला पहिला पुरुष आणि पहिली स्त्री यांना आठवण म्हणून लाकडी पाटी मिळते. दार उघडल्याबरोबर आतलं पाणी अजून कुणी हलवलेलं नसतं आणि वाफ सरळ वर जाते.

कोनोयु सगळ्यांत जुनं मानतात. जखमी करकोचा इथे पाय बुडवून बरा झाला, अशी कथा आहे. आपल्याकडे ती नुसती कथा म्हणून ऐकली असती, पण याच तोयोओका परिसरात जपानमधला रानातला शेवटचा करकोचा १९७१मध्ये मेला आणि २००५पासून पिंजऱ्यात वाढवलेले करकोचे पुन्हा मोकळे सोडले गेले. गाडीतून भातखाचरांकडे लक्ष ठेवा, पांढरे मोठे पक्षी दिसतात.

मांदारायु त्यामानानं शांत. दोची नावाच्या साधूनं हजार दिवस प्रार्थना केली आणि ७२०मध्ये इथे पाणी फुटलं, असं सांगतात. यानागियु सर्वांत छोटं, जिझोयुत गावातली माणसं जास्त, आणि सातोनोयु स्टेशनला लागून, पण ते सुरू आहे ना, हे तक्त्यात आधी पाहा.

शाकाहारी मंडळींचं जेवण

इथे खरी कसोटी आहे. भाजी, टोफू, डाळीसारखं दिसणारं मिसो सूप यांतही ‘दाशी’ असते, म्हणजे बहुधा सुकवलेल्या मासळीचा काढा. ‘भाजीच द्या’ म्हटलं तरी तो असतोच. म्हणून खोली घेतानाच लेखी कळवा: मांस नाही, मासे नाहीत, मासळीची दाशीही नाही. आयत्या वेळी सांगून सराईच्या स्वयंपाकघराला काही करता येत नाही, आणि ते त्यांना फार लागतं. तोंडी सांगायला हे वाक्य पाठ ठेवा: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’, मांसही नाही, मासेही खात नाही.

सराईनं नाही म्हटलं, तर सुदोमारी घ्या आणि बरोबर शिधा ठेवा. सकाळी साधा वाफाळता भात मागितला, की कुठेही मिळतो. त्यावर घरून नेलेलं मेतकूट, सोबत उमेबोशी हे खारवलेलं आंबट फळ. दशम्या, चटणी, चिवडा चालतो. ताजी फळं, भाज्या आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. दुकानांतल्या ओनिगिरी भाताच्या मुटक्यांत उमेबोशीचा असेल तो बहुधा सोयीचा, तरी वेष्टनावरचा मजकूर फोनवर भाषांतर करून पाहा.

तिसरा दिवस: देऊळ, दगड आणि इझुशी

सकाळच्या स्नानानंतर ओन्सेनजीला जा. ७३८मध्ये स्थापन झालेलं हे देऊळ रोपवेच्या मधल्या थांब्यावर आहे. पूर्वी किनोसाकीत आलेला माणूस आधी या देवळात येऊन दर्शन घेई, तिथून लाकडी पळी मिळे, आणि मगच पाण्यात उतरे. चढणीची वाट पायीही करता येते. रोपवेनं अगदी वर गेलात, तर नदीचं मुख आणि समुद्र दिसतो.

मग सायकल किंवा टॅक्सीनं गेनबुदो या दगडी गुहांकडे. सोळा लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना भेगाळून पाच-सहा कोनांचे खांब झाले आणि दगड काढणाऱ्यांनी पोखरल्यामुळे ते उघडे पडले. सह्याद्रीच्या बेसॉल्टवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना ते लगेच ओळखीचे वाटतात. १९२६मध्ये क्योटोच्या मातुयामा मोतोनोरी या भूभौतिकशास्त्रज्ञानं इथल्या दगडाचं चुंबकत्व मोजलं आणि ते आजच्या उलट्या दिशेचं निघालं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र पूर्वी उलटं होतं, या विचाराला त्यातून आधार मिळाला आणि त्या भूकालखंडाला आज त्यांचंच नाव आहे. किनोसाकीच्या नदीकाठाच्या बांधात याच खाणींचा दगड आहे, परत आल्यावर पाहा.

वेळ उरला, तर तोयोओका स्टेशनहून बसनं अर्ध्या तासावर इझुशी. १६०४च्या लहानशा किल्ल्याचे अवशेष, १८७१चा लाकडी घड्याळाचा मनोरा आणि १९०१चं काबुकी नाट्यगृह एइराकुकान, ज्याचा फिरता रंगमंच आतून पाहता येतो. नाटकवेड्या माणसानं तर ते चुकवू नये. इथे सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, पाच लहान बशांत वाढतात. १७०६मध्ये शिनानो प्रांतातून बदली होऊन आलेल्या सरदाराबरोबर ही शेवयांची कला आली. सोबतच्या रसात मासळी असते, तेव्हा शाकाहाऱ्यांनी नुसता सोया सॉस, ‘शोयु’, मागावा. कुट्टूच्या पिठाची ॲलर्जी असेल, तर सोबा अजिबात नको.

बस परत तोयोओकाला येते. किनोसाकीहून सुटलेली क्योटोची एक्सप्रेस तिथे थांबते, तेव्हा उलट किनोसाकीला जाण्याची गरज नाही. सकाळी खोली सोडतानाच पिशवी बरोबर घ्या, तोयोओका स्टेशनच्या नाण्याच्या लॉकरमध्ये ठेवा आणि परतीच्या गाडीची खिडकीची जागा पास दाखवून आदल्या दिवशीच आरक्षित करून ठेवा.